बोलणं गेलं कुठे?

(कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडासा संपादित मजकूर.)



मला विषय दिला होता 'रेडिओ आणि समाज'. तो फारच मोठा आहे, म्हणून मी त्याचा एकच कोपरा घेतो. रेडिओवर गाणी लागतात, बातम्या लागतात, आणि त्यांच्या मधोमध माणसं बोलतात. पेरणीबद्दल, पाण्याबद्दल, बाळंतपणाबद्दल, शाळेबद्दल, तालुक्यातल्या रस्त्याबद्दल. कुणी दहा मिनिटांचं भाषण वाचतं, कुणाची मुलाखत होते, चार जण बसून चर्चा करतात. गाणी जपली गेली, ती आज मोबाइलवर सापडतात. हे बोलणं कुठे गेलं? ते कुणी जपलं का? आणि जपलेल्यात आपण, म्हणजे मराठवाड्यातले मराठी बोलणारे मुसलमान, कुठे आहोत?

कुरुंद्यात उभं राहून बोलण्याबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. तुमच्या गावाचं नाव एका माणसाने बोलून बोलून महाराष्ट्रभर नेलं. नरहर कुरुंदकर जन्मले नांदापूरला, १९३२ साली. आडनाव मात्र कुरुंद्याचं. पेशा नांदेडला शिकवण्याचा. शेवट झाला तोही औरंगाबादला, १० फेब्रुवारी १९८२ ला, कार्यक्रमाच्या व्यासपीठावर. हमीद दलवाईही १९३२ चेच, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. दोघं मित्र होते आणि दोघांनाही पन्नाशी पाहायला मिळाली नाही. कुरुंदकरांची काही भाषणं ध्वनिमुद्रित झाली आणि आज ती ऐकायला मिळतात. मुसलमानांच्या राजकारणाबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्यातलं सगळं तुम्हाला पटेल असं नाही. मलाही सगळं पटत नाही. पण 'शिवरात्र' वाचून वाद घालणं वेगळं आणि त्यांचा आवाज ऐकून वाद घालणं वेगळं. आवाजात माणूस कुठे थांबला, कुठे त्याने शब्द बदलला, कुठल्या वाक्यावर लोक हसले हे कळतं. छापताना हे सगळं गाळलं जातं.

आता रेडिओकडे येतो. आपला भाग निजामाच्या राज्यात होता हे तुम्हाला माहीत आहे. त्या राज्याचा स्वतःचा रेडिओ होता, डेक्कन रेडिओ. उर्दू ही राज्याची भाषा, तरी तेलुगू, मराठी, कन्नड कार्यक्रमही त्यावर होत. हैदराबादखेरीज औरंगाबादलाही एक केंद्र होतं. १९५० मध्ये भारतात विलीन झालेल्या संस्थानांची पाच केंद्रं ऑल इंडिया रेडिओने ताब्यात घेतली, त्या यादीत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा यांच्या जोडीला आपलं औरंगाबाद आहे. पुढे ते केंद्र बंद पडलं. त्यानंतर मराठवाड्याला स्वतःचं केंद्र मिळालं ते परभणीला, १९६८ साली. मधली वर्षं मोजा. त्या काळात नागपूर बोलत होतं, पुणे बोलत होतं, मुंबई तर १९२७ पासून बोलत होती. आपण ऐकत होतो.

या रेडिओवरून झालेलं एक बोलणं मराठवाड्याच्या इतिहासात पक्कं बसलेलं आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. दरवर्षी मुक्तिदिनाला आपण तो दिवस साजरा करतो, करायलाच हवा. स्वामी रामानंद तीर्थांबरोबर लढलेल्यांत मुसलमानही होते. निजामाच्या राजधानीत राहून रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तेही याच लढ्यातलं पान आहे.

पण १७ सप्टेंबरनंतर काय झालं, ते रेडिओवर कुणी बोललं नाही. सरकारनेच पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात गावोगाव फिरली. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी तिच्यात होते. तिचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि आपल्या शेजारचं नांदेड होतं. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात हेही आहे की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवलं. आणि त्याआधी रझाकारांनी हिंदू गावांवर काय केलं, तेही आपण विसरायचं नाही. ही तिन्ही बोलणी एकाच गावच्या माणसांच्या तोंडून, त्यांच्याच आवाजात, एका जागी ऐकायला मिळायला हवी होती. मिळत नाहीत. निजामाचं रेडिओवरचं बोलणं इतिहासात नोंदलं गेलं. ज्या नानीने दोन पोरांना कडब्याच्या गंजीत लपवलं, तिचं बोलणं घरातच राहिलं, आणि नानीबरोबर गेलं.

मी इथे रेडिओला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. उलट आपल्याच भाषेत रेडिओने एक असा प्रयोग केला, की ज्याचं नाव जगभर घेतलं जातं आणि आपल्याला मात्र तो फारसा ठाऊक नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामसभा भरवल्या. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा गट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा सुरू करायची. गटाचा एक निमंत्रक लिहून घेणार: कुणाला काय पटलं, काय नाही, काय विचारायचं आहे. ते कागद पुण्याला जाणार आणि पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं येणार. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या सभांची पाहणी केली. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरॅथ यांनी लिहिलेलं त्यावरचं पुस्तक युनेस्कोने १९५९ मध्ये छापलं. पुढे ही योजना देशभर नेली गेली.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, त्या गावांत मराठवाड्याचं गाव असणं शक्य नव्हतं. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी. दोन, त्या सभांबद्दल आज आपण जे जाणतो ते पुस्तकामुळे, म्हणजे पाहणी करणाऱ्यांनी लिहिल्यामुळे. गावकरी बोलले मराठीत, आणि उरले इंग्रजी तक्त्यांत.

हे असं का होतं? कारण अगदी साधं आहे. टेप महाग होती. कार्यक्रम एकदा वाजला की त्याच टेपवर दुसरा कार्यक्रम मुद्रित करायचा, ही पद्धत जगभरच्या केंद्रांवर होती. त्याच्याही आधी तर बरीच भाषणं थेटच व्हायची. माणूस स्टुडिओत आला, मंजूर झालेला कागद समोर धरला, लाल दिवा लागला, वाचलं, मानधनाचा धनादेश घेतला, घरी गेला. कागद फायलीत, आवाज हवेत.

जॉर्ज ऑरवेल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 'ॲनिमल फार्म'चा लेखक. १९४१ ते १९४३ तो लंडनला बीबीसीत होता आणि हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करायचा. त्याच्यासोबत काम करायला आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. दोन वर्षं रेडिओत काढलेल्या, आठवड्यामागून आठवडे बोललेल्या या जगप्रसिद्ध लेखकाच्या आवाजाची एकही ध्वनिफीत आज कुठे सापडत नाही. त्याच्या भाषणांच्या संहिता आहेत, पत्रं आहेत, कार्यालयीन टिपणं आहेत. आवाज नाही. जिथे ऑरवेलचं हे झालं, तिथे वसमतच्या एखाद्या शेतकऱ्याने परभणी केंद्रावर हळदीबद्दल केलेल्या बोलण्याचं काय होणार?

मराठीतही असंच आहे. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात आयुष्याचा मोठा काळ काढला. पुलंची रेडिओवरची भाषणं पुढे पुस्तकरूपाने आली, कारण ते पुल होते. दिल्लीत सरदार पटेल स्मृती व्याख्यानं १९५५ पासून होत आली, ती नीट जपली गेली, छापलीही गेली. गांधीजींची दिल्लीतल्या प्रार्थनासभांमधली भाषणं मुद्रित झाली. त्यांत ते धान्यावरच्या कंट्रोलबद्दल बोलतात, निर्वासितांना थंडीत पांघरायला काय मिळणार याबद्दल बोलतात, मुसलमानांची सोडलेली घरं बळकावू नका म्हणून सांगतात. रोजच्या जगण्याचं आणि देशाच्या कारभाराचं बोलणं एकत्र कसं होऊ शकतं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. ते राहिलं हे आपलं नशीब. पण वाचलेल्या सगळ्या आवाजांत एक समान गोष्ट आहे: ते आधीच मोठ्या माणसांचे होते.

१९७२ चा दुष्काळ घ्या. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, नालाबंडिंग. परभणी केंद्र तेव्हा चार वर्षांचं होतं. परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच साली निघालं. त्या वर्षी रेडिओवर किती तऱ्हेचं बोलणं झालं असेल! रोजगार हमीच्या कामावरची एखादी बाई काय म्हणाली असेल! आज रोजगार हमीवर पीएचडी करणाऱ्या मुलाला आकडे मिळतात, शासन निर्णय मिळतात. त्या बाईचा आवाज मिळणं हा योगायोग ठरतो.

आता आपल्याबद्दल थोडं खडं बोलतो. मराठी रेडिओवर मुसलमान कधी ऐकू आला, आठवून पाहा. ईदला, मोहरमला, फार तर कव्वालीच्या कार्यक्रमात. 'रमजानचं महत्त्व' यावर दहा मिनिटं. बोलावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मी नाकारत नाही. पण वर्षातले तीनशेसाठ दिवस मुसलमान काय करतो? तो भंगाराचं दुकान चालवतो, पंक्चर काढतो, ट्रकवर असतो, हळद शिजवायच्या हंगामात मजुरीला जातो, दहावीत नापास झालेल्या पोराची चिंता करतो, विम्याच्या पैशासाठी बँकेत खेटे घालतो. त्या विषयांवर बोलायला त्याला फारसं कुणी बोलावलं नाही, आणि त्यानेही मागून घेतलं नाही. यू. म. पठाण यांच्यासारखा माणूस संतसाहित्यावर अधिकाराने बोलायचा आणि महाराष्ट्र कान देऊन ऐकायचा. १९९० मध्ये ते पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. म्हणजे बोलणारे होते. विषयाची चौकट मात्र दुसऱ्याने आखलेली होती.

भाषेचंही तसंच. घरात आपण दखनी बोलतो, गल्लीत मराठी, कागदावर कधी उर्दू तर कधी मराठी. रेडिओला दोनच खाने ठाऊक होते, मराठी कार्यक्रम आणि उर्दू कार्यक्रम. 'काय को बोलतंय रे' असं मधेच म्हणणारी आपली अम्मा दोन्ही खान्यांत बसत नव्हती. माईकसमोर बसताच ती एक तर शुद्ध व्हायची नाही तर गप्प.

मग रेडिओवाल्यांनी बोलावण्याची वाट पाहायची का? एक उदाहरण सांगतो, तेही जुन्या हैदराबाद राज्यातलंच, इथून फार लांब नाही. तेलंगणात जहिराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथल्या दलित बायकांच्या संघमने १९९८ च्या सुमाराला रेडिओ केंद्र उभारलं, यंत्रसामग्री आणली, आणि परवाना मिळेना. १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की हवेतल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे. तरी सामुदायिक रेडिओचं धोरण संस्थांसाठी खुलं व्हायला २००६ उजाडलं. या बायका थांबल्या नाहीत. त्या कार्यक्रम टेपवर मुद्रित करत आणि गावोगावच्या बैठकांत टेपरेकॉर्डरवर लावून ऐकवत. बियाणं, देशी औषधं, गाणी, भांडणं, सगळं त्यांच्या बोलीत. १५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ हवेत आला, तेव्हा त्यांच्याकडे दहा वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. आधी संग्रह झाला आणि मागून रेडिओ.

तुमच्या खिशात जो मोबाइल आहे, तो त्यांच्या तेव्हाच्या यंत्रापेक्षा चांगलं ध्वनिमुद्रण करतो. आणि इथे मुद्रित करण्यासारखं काय आहे, हे मी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. जुलै २०२२ मध्ये या गावात पाणी शिरलं. त्या रात्री कुणाच्या माळवदावर कोण चढलं, कुणी कुणाची म्हातारी उचलून नेली, कुठली जात आणि कुठला धर्म कुठल्या घरात सकाळचा चहा प्याला, हे आज इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुठेच मुद्रित नाही. पांगरा शिंदेकडे जमिनीतून येणारे गूढ आवाज तर कित्येक वर्षांचे आहेत. मार्च २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा सगळ्या वाहिन्या धावल्या, दोन दिवसांत परत गेल्या. पहिला आवाज कुणी, कधी ऐकला, तेव्हा लोकांना काय वाटलं, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

माझी विनंती अशी की सुरुवात म्हाताऱ्यांपासून करा. पोलीस ॲक्शनच्या वेळी जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या घरात आहे. ही माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतली काही दर हिवाळ्यात कमी होतात. मुसलमानच नव्हे, सगळे. ज्याच्या घरी रझाकार आले तोही, ज्याचं घर नंतर जळलं तोही. दोघं एकाच गल्लीत राहतात, पण आपापल्या घरातच बोलतात.

आता एक धोका स्पष्ट सांगतो, कारण उत्साहात तो विसरला जाईल. आपल्या काळात एका माणसाच्या दोन तासांच्या बोलण्यातून वीस सेकंद कापून व्हॉट्सॲपवर सोडायला वेळ लागत नाही. मग गाव पेटतं, आणि त्या नव्वदीच्या माणसाच्या दारात पोलीस येतात. म्हणून मुद्रित करणं वेगळं आणि जाहीर करणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. बोलणाऱ्याला विचारा: हे कुणी ऐकलं तर चालेल? तुमच्या हयातीत चालेल, की नंतर? नाव सांगायचं की नाही? त्याचं उत्तरही त्याच्याच आवाजात मुद्रित करा. तो म्हणाला की दहा वर्षं बंद ठेवा, तर दहा वर्षं बंद. स्टेटसला छोटासा तुकडासुद्धा ठेवायचा नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने या कामात येऊ नये, असं मी स्पष्ट म्हणतो.

बाकी काम कारकुनीचं आहे, पण त्यावरच सगळं टिकतं. मुद्रण सुरू होताच पहिल्या वाक्यात तारीख, गाव, बोलणारा, विचारणारा. पंखा बंद करा, उकडलं तरी चालेल. मोबाइल विमान मोडवर टाका, नाही तर मुलाखतीच्या मध्ये फोन येतो आणि दादा विषय विसरतात. मूळ फाइल कापायची नाही, सुधारायची नाही, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची, त्यातलं एक ठिकाण गावाबाहेरचं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल मूळ धरू नका, तिथे आवाज दाबला जाऊ शकतो. दखनीचं मराठी करत बसू नका. जसं बोलले तसं लिहून घ्या, अर्थ हवा तर बाजूला लिहा. आणि प्रश्न छोटे ठेवा. 'त्या काळच्या सामाजिक परिस्थितीबद्दल आपलं मत काय' असं विचारलं की माणूस भाषण देतो. 'त्या दिवशी घरात स्वयंपाक काय झाला होता' विचारलं की तो आठवतो.

आणखी एक. ज्यांच्या घरात कुणी कधी आकाशवाणीवर बोललं असेल, त्यांनी पेट्या उघडा. कराराचे कागद, टाइप केलेली संहिता, एखादी कॅसेट, रेडिओच्या परवान्याचं पोस्टातलं पुस्तक. ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि पोस्टात पैसे भरून ते पुस्तक शिक्का मारून घ्यावं लागायचं, हे तुमच्यातल्या अनेकांना आज पहिल्यांदा कळत असेल. कॅसेट सापडली तर ती लगेच जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून लावू नका. आत बुरशी असेल तर फीत तुटते. आधी जाणकाराला दाखवा.

इथे पुढच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. कुरुंदा आणि आजूबाजूच्या गावांतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची नावं आणि त्यांच्याकडे कुणी जायचं, एवढेच दोन रकाने आहेत. चहा होईपर्यंत ती फिरवा. मुली जास्त नावं लिहितील असा माझा अंदाज आहे, कारण नानी-दादीशी त्याच जास्त बोलतात. कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.